सोलापुरात लहान मुलांसोबत काम करायचंय? आधी जागा ठरवा, मग कोर्स

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतल्या मुली माझ्या दारात येऊन उभ्या राहतात. पोरं थोडी मोठी झालेल्या सुनाही येतात. प्रश्न एकच असतो. "आक्का, बालवाडीत लागायचंय. कुठला कोर्स करू?"

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या अंगणवाडीत आधी मदतनीस होते, नंतर सेविका झाले. माझं उत्तरही आता ठरून गेलंय. कोर्सचं राहू द्या, कुठं काम करायचं ते आधी ठरवा. प्रत्येक दाराला वेगळा कागद लागतो आणि प्रत्येक दारातून वेगळा पैसा घरी येतो.

हे मी पोळल्यावर शिकले. अंगणवाडीत लागण्याआधी मी एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा बालवाडी शिक्षिकेचा कोर्स केला होता. आईनं विड्या वळून साठवलेले पैसे त्या फीत गेले. सर्टिफिकेट सुंदर होतं, सोनेरी अक्षरांचं. अंगणवाडीचा अर्ज भरायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. त्याला एक गुणसुद्धा मिळाला नाही. आई बाहेर बाकावर बसली होती, तिला हे सांगायला मला दोन दिवस लागले. तुमच्या घरात असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पायरी 1 : चार दारांपैकी आपलं कुठलं?

पहिलं दार सरकारी अंगणवाडीचं. दुसरं खासगी बालवाडी, नर्सरी, प्ले-स्कूलचं. तिसरं पाळणाघराचं: सरकारी 'पाळणा' योजनेतलं, कारखान्यातलं किंवा स्वतःच्या घरी काढलेलं. चौथं म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरी जाऊन बाळ सांभाळणं.

ठरवताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. माझं शिक्षण आज किती आहे? दिवसाचे किती तास मी घराबाहेर राहू शकते? आणि मला पैसे लगेच हवेत की दोन-तीन वर्षं थांबून पक्की जागा हवी? ज्या बाईला पुढच्या महिन्याचं भाडं द्यायचंय तिला अंगणवाडीच्या भरतीची वाट बघ म्हणणं बरोबर नाही. तिनं चौथं किंवा दुसरं दार धरावं आणि हाताला काम असताना पहिल्याची तयारी करावी.

पायरी 2 : मानधनाचा आकडा नीट समजून घ्या

अंगणवाडी सेविकेला महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून महिना 13,000 रुपये मानधन आहे आणि मदतनीसाला 7,500. त्याआधी हे आकडे 10,000 आणि 5,500 होते. कामाच्या निकषांवर मिळणारा प्रोत्साहन भत्ता वेगळा. पण तो दर महिन्याला हातात येईलच असं धरून घरखर्च आखू नका.

या 13,000 मध्ये केंद्र सरकारनं ठरवून दिलेलं मूळ मानधन 4,500 रुपयांचं आहे, मदतनीसाच्या मानधनात 2,250 चं. हे दर ऑक्टोबर 2018 पासूनचे. त्यातला 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा, त्यावरचं सगळं राज्य घालतं. दोन्हीकडचे पैसे दोन वाटांनी येतात, म्हणून कधी कधी पुढेमागे होतात. नोकरीच्या सुरुवातीला दोन महिन्यांचा किराणा निघेल एवढी रक्कम बाजूला असू द्या.

'मानधन' हा शब्दही समजून घ्या. सेविका आणि मदतनीस या सरकारी नोकर मानल्या जात नाहीत, त्या मानधनी कर्मचारी आहेत. म्हणून वेतनश्रेणी नाही आणि सरकारी नोकरासारखं निवृत्तिवेतनही नाही. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. पन्नास वर्षं बायकांनी गावोगावची मुलं वाढवली आणि अजून त्यांच्या पगाराला पगार म्हणत नाहीत, हे मला मान्य नाही. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्यामागे हीच कळ होती. तरीही नव्या मुलीला मी अंगणवाडी सुचवते. काम घराजवळ असतं, 65 वर्षांपर्यंत करता येतं आणि पुढे वर चढायला वाट आहे. त्या वाटेचं शेवटी सांगते.

खासगी बालवाडीत आकडा शाळेगणिक बदलतो. जुळे सोलापूरच्या मोठ्या शाळेत आणि एखाद्या पेठेतल्या दोन खोल्यांच्या बालवाडीत सारखा पगार मिळणार नाही. तिथं काय विचारायचं ते पुढच्या एका पायरीत आहे.

पाळणाघराचा हिशोब मात्र इथंच मांडते, कारण त्यात मुली फसतात. केंद्राच्या मिशन शक्तीखाली 2022 पासून 'पाळणा' योजना आहे. अंगणवाडीला जोडून पाळणाघर, 6 महिने ते 6 वर्षांची 25 पर्यंत मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. पाळणा सेविकेला 5,500 रुपये, पाळणा मदतनीसाला 3,000. सेविका बारावी आणि मदतनीस दहावी झालेली हवी. आता गुणाकार करा. साडेसात गुणिले 26 म्हणजे 195 तास. 5,500 ला 195 नी भागलं की तासाला 28 रुपये पडतात. मदतनीसाला 15 रुपयांच्या आसपास. घरापासून दोन गल्ल्यांवर असेल आणि पुढच्या भरतीआधी लहान मुलांमध्ये हात बसवायचा असेल तर जरूर करा. पण होटगी रोडवरून रोज दोन रिक्षा बदलून यायचं असेल तर भाड्यातच निम्मं जाईल.

महिन्याचा आकडा कुणीही सांगितला की असा तासाचा आकडा काढायची सवय लावून घ्या. कागद-पेन घेऊन, तिथल्या तिथं.

पायरी 3 : शिक्षण पूर्ण करा, पण योग्य ते

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोघींनाही आता किमान बारावी पास लागते. फेब्रुवारी 2023 च्या शासन निर्णयानं हे ठरलं. पूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनीसाला सातवी पुरायची. अजूनही पुष्कळ बायका त्याच हिशोबात असतात आणि अर्जाच्या दिवशी रिकाम्या हातानं परततात.

दहावीला शिक्षण थांबलं असेल तर महाराष्ट्र बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, पण जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन तिथल्या लिपिकाला आधी भेटा, संपर्क केंद्र कुठलं घ्यायचं ते तेच सांगतात. फॉर्म पावसाळ्याच्या सुमाराला सुटतात, म्हणून निकालाच्या हंगामातच चौकशी सुरू करा. आणि नुसतं पास होण्यावर थांबू नका. अंगणवाडीच्या निवडीत बारावीच्या टक्क्यांवर गुण मिळतात. पंचावन्न टक्के आणि पासष्ट टक्के यात एखादीची जागा जाते.

बारावीनंतर काय? अंगणवाडीच्या गुणपत्रकात पदवी, पदव्युत्तर पदवी, डी.एड., बी.एड. आणि एमएस-सीआयटी यांना वेगळे गुण आहेत. यातलं सर्वात लवकर हाती येणारं म्हणजे एमएस-सीआयटी, संगणकाचा कोर्स. माझा सल्ला असा की बारावीबरोबरच ते उरकून घ्या. अंगणवाडीचं सगळं काम आता मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर या नोंदींच्या अॅपवर चालतं, तिथंही ही ओळख उपयोगी पडते.

खासगी शाळेत जायचं असेल तर मोठ्या शाळा मान्यताप्राप्त पदविका विचारतात. शिक्षक शिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, सगळे तिला एनसीटीई म्हणतात. तिच्या नियमातली पूर्वप्राथमिकची पदविका दोन वर्षांची असते आणि बारावीला 50 टक्के लागतात. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा पदविका कोर्स घरी बसून, हिंदीतून करता येतो. तो कमीत कमी एक वर्षाचा, आणि बारावी पास त्याला चालतं. सोलापूरला इग्नूचं पुण्याचं प्रादेशिक केंद्र लागू आहे.

आणि ते 'एनटीटी' (नर्सरी टीचर ट्रेनिंग) नावाचे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स? पेठेपेठेत त्यांच्या पाट्या आहेत. त्यातले काही मन लावून शिकवतात, गाणी, खेळ, हस्तकला यांत मुलींचा हात खरंच बसतो. पण फी भरण्याआधी दोन कामं करा. संस्थेला विचारा की एनसीटीईची मान्यता आहे का आणि असेल तर पत्र बघायला मागा. मग जिथं नोकरी करायची आहे त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला जाऊन भेटा आणि विचारा, "मॅडम, या संस्थेचं सर्टिफिकेट तुमच्याकडे चालतं का?" दुसरा प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर आईचे पैसे वाचले असते.

नव्या शैक्षणिक धोरणातलं, म्हणजे 2020 च्या, एक कलमही माहीत असू द्या. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, असं प्रशिक्षण त्यात सांगितलंय. म्हणजे अंगणवाडीत लागल्यावर शिकणं नोकरीतच होतं. आधी हजारो रुपये घालवायची गरज नाही.

पायरी 4 : अंगणवाडीचा अर्ज

वय 18 ते 35. विधवा असाल तर 40 पर्यंत. हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त नसावीत. गावात असाल तर त्याच महसुली गावची रहिवासी असावं लागतं. शहरात जाहिरातीत जी हद्द दिली असेल तिथली. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा अशा तालुक्यांत जाहिरात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघते आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. सोलापूर शहरात नागरी प्रकल्पाचं कार्यालय बघा. वर्तमानपत्रात येईलच याची वाट बघू नका. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविकेशी ओळख ठेवा, कुठली जागा कधी रिकामी होणार हे तिला सहा महिने आधी माहीत असतं.

सोलापूरच्या मुलींसाठी या नियमांमध्ये एक फार मोलाची ओळ आहे. ज्या अंगणवाडीत निम्म्याहून जास्त मुलांची घरची भाषा मराठी नसेल, तिथं मराठीसोबत ती भाषा येणारी उमेदवार लागते. नियमात उर्दू, कन्नड, तेलुगू या भाषांची नावंच आहेत. आपल्याकडे तर गल्ली बदलली की भाषा बदलते. दत्त नगर, विडी घरकुलला तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शहराच्या कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू. जी मुलगी घरी तेलुगू बोलते म्हणून शाळेत लाजत होती, तिची तीच भाषा इथं कामाला येते. कागदावर ती दिसायला मात्र हवी. शाळेत तो विषय घेतलेला असेल तर ती गुणपत्रिका जपून ठेवा.

कागदपत्रांची पिशवी आजच भरायला घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, विधवा असाल तर पतीचा मृत्यू दाखला, अनुभव असेल तर तो. सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते नावावर. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून घ्या, लागलंच तर राजपत्रात नावबदल करा. जाहिरात आल्यावर धावपळ करून हे होत नाही.

निवडीला मुलाखत नाही, लेखी परीक्षा नाही. कागदावरच्या गुणांची यादी लागते. शिक्षणाच्या गुणांत विधवा, अनाथ, मागासवर्गीय आणि अनुभवी उमेदवारांचे जादा गुण मिळवले जातात. "मी साहेबांशी बोलतो, एवढे द्या" म्हणणारा कुणी आला तर त्याला दारातून परत पाठवा. गुण तुमच्या कागदावर छापलेले आहेत, ते तो वाढवू शकत नाही. यादी लागली की स्वतः जाऊन वाचा, आपले गुण चुकीचे धरले असतील तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोचपावती घ्या.

मदतनीसाची जागा आली तरी सोडू नका. सेविकेची जागा रिकामी झाली की शिक्षण पूर्ण असलेल्या तिथल्या मदतनीसाचा आधी विचार होतो. मी अशीच वर आले.

पायरी 5 : खासगी शाळेत पगार ठरवताना

मुलाखतीला बसलं की आपल्या मुली मान खाली घालतात आणि पगाराचं विचारत नाहीत. विचारा. मोठ्यानं, हसून, पण विचारा.

पगार बारा महिन्यांचा की दहा? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन चाळीसच्या वर जातं, शाळा बंद असतात आणि बऱ्याच ठिकाणी पगारही. महिना 6,000 सांगितला आणि दहाच महिने मिळाला तर वर्षाचे 60,000, म्हणजे तुमच्या हाती महिन्याला 5,000 च पडले. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीचे पैसे कापतात का? मुलं गेल्यावर थांबून फलक सजवायचे, गॅदरिंगची तयारी करायची, घरोघरी जाऊन प्रवेश आणायचे, हे तासांत धरलंय का? वर्गात मुलं किती आणि सोबत मावशी आहेत का? राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं खासगी प्ले-स्कूलसाठी 20 मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई असं प्रमाण सांगितलंय. चाळीस मुलं एकटीच्या अंगावर देत असतील तर दोघींचं काम एका पगारात चाललंय.

नेमणुकीचं पत्र घ्या. पगार बँकेत मागा. मूळ प्रमाणपत्रं शाळेकडे ठेवून देऊ नका, झेरॉक्स द्या.

पायरी 6 : कारखान्यातलं किंवा स्वतःचं पाळणाघर

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत, गणवेश शिवणाऱ्या गारमेंटच्या युनिटात बायका मोठ्या संख्येनं आहेत. अशा ठिकाणी थेट जाऊन विचारायला हरकत नाही. सोबत दोन ओळखीच्या आयांना न्या. मागणी त्यांच्या तोंडून आली की मालकाला पटकन समजते.

घरी पाळणाघर काढायचं असेल तर सुरुवात पाच-सहा मुलांवर करा. समजा 6 मुलं, प्रत्येकी 2,000, म्हणजे 12,000 आले. त्यातून मदतीची बाई 4,000, दूध-खाऊ-साबण-वीज 2,500. उरले 5,500, आणि हे सहाही मुलं बारा महिने टिकली तर. मुलं वाढवून नफा वाढवायचा मोह इथंच होतो. सरकारच्या पाळणाघराच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक मोठी व्यक्ती सांगितली आहे, पण घरच्या पाळणाघरात एकटी असाल तर तेवढीही घेऊ नका. दोन मुलं एकदम पडली तर उचलणार कोण?

पाण्याचा विचार आधी करा. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. लंगोट, भांडी, हात धुणं यांना किती लागतं ते घरात एक बाळ असलेल्या बाईला विचारा आणि सहानं गुणा. टाकी झाकलेली असावी, बादल्या भरून उघड्या ठेवायच्या नाहीत. रांगणारं मूल अर्ध्या बादलीत तोंडावर पडलं तरी स्वतःहून बाहेर येत नाही. विडीची पानं, तंबाखू, कात्री त्या खोलीत अजिबात नको.

घरी जाऊन बाळ सांभाळायचं काम घेणार असाल तर थोडक्यात सांगते. वेळ, आठवड्याची सुट्टी आणि 'बाळाव्यतिरिक्त कुठली कामं' हे पहिल्या दिवशी बोलून घ्या, नाही तर महिनाभरात भांडी-धुणं आपोआप तुमच्याकडे येतं. महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, 18 ते 60 वयात नोंदणी होते. ती करून ठेवा.

पायरी 7 : हात तयार करा

आता जे लिहिते त्याला कुठलं सर्टिफिकेट लागत नाही, पण हे येत नसेल तर लहान मुलांच्या खोलीत पाऊल ठेवू नये असं माझं मत आहे.

शेंगदाणा. आपलं सोलापूर शेंगांचं गाव, पोरांच्या खिशात दाणे असतातच. एकदा साडेतीन वर्षांचा एक मुलगा गाणं म्हणता म्हणता गप्प झाला. रडला नाही, खोकला नाही, फक्त डोळे मोठे झाले आणि ओठ निळसर पडायला लागले. मी त्याला पुढं वाकवलं, छातीला एका हाताचा आधार दिला आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं फटके मारले. चौथ्या फटक्याला अर्धा दाणा फरशीवर पडला आणि तो भोकाड पसरून रडला. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

तंत्र असं. एक वर्षावरच्या मुलाला पाठीवर 5 फटके, नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेनं 5 दाब, आळीपाळीनं. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून पाठीवर 5 फटके, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी 5 दाब. बाळाच्या पोटावर दाब द्यायचा नाही. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधायची नाही, ती आणखी आत जाते. मूल बेशुद्ध पडलं तर सोबतच्या बाईला 108 लावायला सांगा. हे प्रात्यक्षिक एकदा बाहुलीवर, जाणत्या नर्सकडून शिकून घ्या. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नका. कूट द्या, चटणी द्या.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायचं. निम्मं पाकीट, अंदाजानं पाणी, असं करायचं नाही.

वजन. काट्यावर मूल ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का बघा, चपला आणि जाड कपडे काढा. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते, 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांसाठी. 11.5 सेंटिमीटरखाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. 11.5 ते 12.5 पिवळा. पट्टी घट्ट ओढली की हिरवं मूल पिवळं दिसतं, सैल धरली की पिवळं मूल हिरवं. त्या मुलाचा जादा आहार तुमच्या बोटांवर अवलंबून असतो.

मुलाच्या अंगावर खुणा दिसल्या, ते एखाद्या माणसाला पाहून आक्रसलं, काही बोललं, तर गप्प बसू नका. 2012 च्या पोक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो. "घरातलं प्रकरण आहे" म्हणून मुख्याध्यापिका थांबवत असल्या तरी कळवा.

पायरी 8 : लागल्यावर पहिल्या महिन्यात

एक जाड फाइल करा. नेमणुकीचा आदेश, हजर झाल्याचा अहवाल, प्रत्येक प्रशिक्षणाचं पत्र, मानधनाच्या बँक नोंदी. 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा लाभ लागू होतो असा निकाल दिला. असा हक्क मागताना सेवेची वर्षं दाखवावी लागतात, आणि ती तुमच्या फाइलमध्येच असतात.

बँकेत जाऊन वर्षाला 436 रुपयांचा पंतप्रधान जीवनज्योती विमा आणि 20 रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा (अपघात) विमा चालू करा. वय 40 च्या आत आणि महिन्याचं उत्पन्न 15,000 पर्यंत असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत नाव घाला, साठीनंतर महिना 3,000 मिळतात. वय जितकं लहान तितका हप्ता कमी, अठराव्या वर्षी 55 रुपये. आयुष्मान भारतचं संरक्षणही 2024 पासून सेविका-मदतनीसांना आहे, ते कार्ड काढून घ्या.

आणि पदवी सुरू करा, मुक्त विद्यापीठातून का होईना. मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका, ही वेतनश्रेणीची जागा आहे: 35,400 पासून सुरू होते. तिला पदवी लागते आणि काही जागा सेविकांमधून भरतात. वर चढायची वाट म्हणाले होते ती ही.

पहिल्या आठवड्यात मुलांना काही शिकवायला जाऊ नका. एक वही घ्या आणि प्रत्येक मूल कशाला काय म्हणतं ते लिहा. आमच्याकडे सरावासाठी आलेली एक विद्यार्थिनी होती, अभ्यासात हुशार, घरी मराठी बोलणारी. दाराची चौकट धरून एक पोरगी "नीळ्ळु, नीळ्ळु" करत रडत होती. या मुलीनं तिला चेंडू दिला, बाहुली दिली, चित्रांचं पुस्तक उघडून निळा रंग दाखवला. पोरीचा घसा कोरडा पडत चालला होता. शेवटी कोपऱ्यातला चार वर्षांचा एक मुलगा उठला, आपली बाटली घेऊन आला आणि तिच्या तोंडाला लावली. त्या विद्यार्थिनीनं तिथंच वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: पाणी, तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु. त्याखाली पोट दुखतंय: कडुपु नोप्पि, होट्टे नोवु. मग शू, झोप आली, आई कधी येणार. संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या आयांना विचारून तिनं एक एक शब्द तपासून घेतला.